वर्ध्यावरची वीस मिनिटं

कॉकपिटमधल्या तिसऱ्या खुर्चीचं तिकीट कुठल्याच साइटवर मिळत नाही. पण त्या खुर्चीसमोर येणारा जिल्हा अजून जागेवर आहे. मुंबई–नागपूर फ्लाइटच्या शेवटच्या टप्प्यात एक चक्कर, वरून आणि खालूनही.

विमानातली सगळ्यात भारी सीट कुठली, हा ऑफिसच्या कँटीनमधला हमखास चालणारा वाद. कुणी म्हणतं एक्झिट रो, कारण पाय पसरता येतात. कुणी म्हणतं पहिली रांग, कारण उतरल्यावर टॅक्सीच्या लाइनीत आपला नंबर आधी. ज्यांची कंपनी दिलदार आहे ते उगाच बिझनेस क्लासचं नाव घेऊन बाकीच्यांना जळवतात. पण ज्यांना विमानांचं खरंखुरं वेड आहे त्यांना विचारा. ते म्हणतील, जिचं तिकीटच निघत नाही ती. जम्प सीट!

जम्प सीट म्हणजे दोन पायलटांच्या मागे, बऱ्याचदा अगदी दाराला चिकटून, दुमडून ठेवलेली जादाची खुर्ची. तपासणीला आलेला अधिकारी, ड्यूटी संपवून घरी निघालेला दुसरा पायलट, अशा मंडळींसाठी केलेली. गादी पातळ, पाठ ताठ, पट्टे थेट खांद्यांवरून. रिक्लाइन वगैरे विसरा. पण समोर काच! मागचे दीडशे प्रवासी माना वाकड्या करून बाजूला बघत असतात. आपण चाललोय कुठे, हे सरळ समोर बघायची चैन फक्त इथे. आणि पूर्वी ही खुर्ची कमांडरच्या मर्जीवर एखाद्या सामान्य प्रवाशाच्याही वाट्याला यायची.

या खुर्चीचा आणि वर्धा जिल्ह्याचा संबंध काय? जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. बाहेरच्यांना वर्धा म्हटलं की सेवाग्राम आठवतं, फार तर गोरसपाक. पण नकाशा घ्या, मुंबई आणि नागपूर यांच्यावर पट्टी ठेवा आणि पेन्सिलीने सरळ रेघ मारा. नागपूरला टेकण्याआधी ही रेघ वर्धा जिल्हा आडवा कापून जाते. आर्वी तिच्या वरच्या अंगाला राहतं, पुलगाव आणि वर्धा शहर खालच्या अंगाला. वर्धा नदी ओलांडल्यापासून सोनेगावच्या धावपट्टीपर्यंत हवेतून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. ताशी सुमारे २७० किलोमीटरने जाणाऱ्या डाकोटाला त्यासाठी लागायची वीस मिनिटं.

आमचं मूळ घर आर्वीकडचं, म्हणजे बरोबर त्या रेघेच्या खालचं. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपायची पद्धत. आजी सांगायची, तिची लग्नानंतरची कितीतरी वर्षं मध्यरात्रीच्या आसपास पश्चिमेकडून घरघर ऐकू यायची, डोक्यावरून एक दिवा सरकायचा आणि सासरे अंधारातूनच म्हणायचे, "डाकेचं इमान गेलं. निजा आता."

मला हे लहानपणी आजीचं गोष्टी रंगवणं वाटायचं. डाक काय विमानाने येते का आर्वीला? मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, आजीच्या गोष्टीत मीठमसाला अजिबात नव्हता.

चार विमानं आणि एक अड्डा

३० जानेवारी १९४९. गांधीजी जाऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. त्याच रात्री देशात नाइट एअर मेल सुरू झाली. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवाई. कल्पना ऐकायला एकदम सोपी. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी एकेक विमान निघणार, चौघं मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर भेटणार, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होणार आणि उजाडायच्या आत सगळी आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत हजर.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून आणखी एक झकास गोष्ट झाली. ज्या पत्राला विमानामुळे लवकर पोचता येईल ते साधं पत्रही विमानाने जायला लागलं, जादा तिकीट न लावता. म्हणजे लेकीची खुशाली विचारणारं साधं पाकीट आणि एखाद्या गिरणीमालकाचं बिझनेस लेटर एकाच डाकोटात, एकाच थैलीत.

मॅनेजमेंटवाल्या दोस्तांना हे मॉडेल ओळखीचं वाटेल. सगळा माल रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी आणायचा, तिथे वाटून पहाटेपर्यंत चहूकडे पाठवायचा. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला अड्डा करून हाच फंडा १९७३ साली सुरू केला आणि बी-स्कूलवाले आजही त्याची केस स्टडी शिकवतात. नागपूरच्या पोस्टखात्याने ते चोवीस वर्षं आधी करून दाखवलं होतं. पण त्यावर कुणी पॉवरपॉइंट केलं नाही!

या विमानांत थोडे प्रवासीही असायचे. मुंबईहून बसून नागपुरात उतरायचं, अर्ध्या झोपेत विमान बदलायचं आणि सकाळी दिल्लीत किंवा मद्रासला डोळे चोळत बाहेर पडायचं. मध्ये काही महिने ही सेवा बंद पडली, ऑक्टोबर १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९५३ मध्ये आठ विमान कंपन्या मिळून सरकारी इंडियन एअरलाइन्स झाली आणि रात्रीची डाक तिच्याकडे आली.

पत्र वेळेत आणि बरोबर पत्त्यावर पोचण्याचं महत्त्व वर्धेकरांना वेगळं सांगायला नको. सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. गांधीजी तिथे राहायला आले १९३६ मध्ये आणि त्यांची टपालं जायला लागली बुलढाण्याच्या शेगावला, गजानन महाराजांच्या गावी. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदलून सेवाग्राम केलं. टपालाच्या घोळापायी गावाचं नाव बदलण्याची अशी दुसरी गोष्ट निदान मी तरी ऐकलेली नाही.

डाकोटाच्या काचेतून

आता आपण त्या तिसऱ्या खुर्चीवर बसू. साल १९५०-५१ धरा.

डाकोटा म्हणजे डग्लस डीसी-३ आणि तिची लष्करी भावंडं. पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चं. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंनी बनली. युद्ध संपल्यावर उरलेली स्वस्तात विकायला निघाली आणि आपल्याकडच्या नव्या विमान कंपन्यांनी ती उचलली. आपल्याकडे मोडक्या स्कूटरला 'पार डकोटा झाली' म्हणतात ना, ती हीच. खरं तर हा त्या विमानावर अन्याय आहे. इतकं दणकट विमान क्वचितच झालं असेल.

या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर उभं असताना नाक वर, शेपूट खाली. आत शिरलात की सीटांच्या मधून अक्षरशः चढण चढत पुढे जायचं. कॉकपिट अरुंद. डावीकडे कमांडर, उजवीकडे को-पायलट, त्यांच्या मागे रेडिओ ऑफिसर कानाला हेडफोन लावून मोर्सची टकटक ऐकतोय. दोन्ही पायलटांच्या मागच्या बोळकांडीत आपली घडीची खुर्ची. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा सिलिंडरांची, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची इंजिनं. बोलायचं तर ओरडावं लागतं. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून विमान आठ-दहा हजार फुटांवरूनच जातं. पावसाळ्यात समोरच्या काचेच्या फटींतून पाणी थेट पायलटच्या मांडीवर. जगभरचे डाकोटा पायलट याबद्दल वैतागायचे.

पण आठ-दहा हजार फूट म्हणजे काय, याचा अंदाज घ्या. आजची विमानं तीस-पस्तीस हजारांवरून जातात. तिथून जिल्हा हा शाळेच्या भिंतीवरचा नकाशा असतो. आठ हजारांवरून तो गाव, रस्ता, नदी, स्टेशन असा सुटा सुटा दिसतो. आणि वेग असा, की एक गोष्ट नीट पाहून होईपर्यंत दुसरी येत नाही.

रात्रीची वेळ. कॉकपिटमधले दिवे मंद केलेले, बाहेरचा अंधार डोळ्यांना दिसावा म्हणून. इंजिनाच्या धुराड्यातून निळसर जाळ. त्या काळी खेड्यापाड्यांत वीज जवळपास नव्हतीच, त्यामुळे खाली काळं कापड अंथरल्यासारखं. त्यात दिवे कुठे? तर रेल्वेवर. मुंबई–हावडा लाइन पुलगाव, वर्धा करत नागपूरला जाते आणि विमानाची वाटही जवळपास तिच्याच सोबतीने. पुलगावचं स्टेशन, तिथली कापडगिरणी. मग वर्धा शहराचा पुंजका उजव्या हाताला. तिथे दिल्ली–मद्रास लाइन येऊन मिळते, म्हणून दिव्यांना फाटे फुटलेले. चांदणं असलं तर वर्धा नदीचा पट्टा आधीच चमकून गेलेला असतो, बोर नदीकडच्या टेकड्या डावीकडे काळ्या कुळकुळीत. नागपूरच्या रेडिओ बीकनकडे तोंड करून थरथरणारी सुई समोर आहेच. पण अनुभवी पायलट तिच्याइतकाच भरवसा खालच्या दिव्यांच्या रांगेवर ठेवणार. म्हणजे वर्धा जिल्हा हा तेव्हा 'वरून जाण्याचा' प्रदेश नव्हता. तो कामाचा होता. वाट दाखवायचा.

आणि मग क्षितिजावर नागपूर. बाकीची तीन विमानंही चहूबाजूंनी त्याच दिव्यांकडे निघालेली. तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला हे सगळं बघायला काही करावं लागत नाही. फक्त गप्प बसायचं.

हे सगळं रोमँटिक वाटतंय ना? रोज रात्री, दर मोसमात, दोन पिस्टन इंजिनांच्या भरवशावर अंधारात उडणं ही काही पिकनिक नव्हती. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासला निघालेली डाकोटा उड्डाणानंतर लगेचच कोसळली. तेरा माणसं गेली. वाचला एकटा वैमानिक. डाक मात्र पुढेही चालू राहिली. आजीच्या अंगणात रात्री वाजणारी ती घरघर म्हणजे तीन-चार माणसांचा जीव मुठीत धरून चाललेला ओव्हरटाइम होता, हे त्या अंगणात कुणाला ठाऊक असणार!

मोठी होत गेलेली विमानं

डाकोटानंतर मोठी स्कायमास्टर आली. १९५७ मध्ये व्हायकाउंट आलं, लंबगोल मोठ्या खिडक्यांचं. मग फोकर फ्रेंडशिप, फ्रेंच कॅराव्हेल, आपल्याच कानपूरच्या कारखान्यात बनलेलं अ‍ॅव्रो आणि सत्तरच्या दशकाच्या तोंडावर बोइंग ७३७. दर पिढीत विमान थोडं उंच गेलं, थोडं वेगवान झालं आणि वर्ध्यावरची वीस मिनिटं आकसत आकसत दहाच्या आसपास आली. रात्रीची डाकही कधीतरी इतिहासजमा झाली. जेट विमानांना मध्ये नागपूरला थांबायची गरजच उरली नाही.

नागपूरच्या विमानतळावर मात्र एक जुनं जेट भलतंच रमलं. कॉन्टिनेन्टल एव्हिएशन नावाच्या कंपनीचं बोइंग ७२० हे चार इंजिनांचं विमान १९९१ मध्ये इथे उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. दोन दशकांहून जास्त काळ ते धावपट्टीच्या जवळ ऊन-पाऊस खात उभं. नागपूरला उतरणाऱ्या प्रत्येक पोराने खिडकीतून 'पप्पा, ते कुठे जाणारे?' असं विचारलेलं असणार. २०१५ मध्ये ते एकदाचं तिथून बाजूला सरकवलं. ज्या काळात एखादं क्लासिक विमान बघायला लोक परदेशात पैसे मोजतात, त्या काळात आपल्याकडचं एक नुसतंच गंजत होतं.

"तीन मिनिटांत निघून जाईल"

माझ्या वाट्याला ही खुर्ची एकदाच आली. १९९८ चा मे महिना, शाळेची सुट्टी. बाबांचे एक मित्र विमानांच्या देखभालीच्या कामात होते. त्यांच्या ओळखीने मुंबई–नागपूर विमानात कमांडरने पुढे बोलावलं. बोइंग ७३७, जुनं २०० मॉडेल. स्क्रीन कमी, गोल गोल घड्याळंच जास्त. समोरच्या काचांच्या वरच्या बाजूला भुवयांसारख्या आणखी छोट्या खिडक्या. एअर होस्टेसने दार लावून घेतलं, खुर्ची भिंतीतून ओढून दाराच्या वाटेतच आडवी केली आणि मला पट्ट्यांनी गच्च बांधलं. म्हणजे आता मी उठल्याशिवाय दार उघडणं अवघड. पंधरा वर्षांच्या पोराला ही केवढी सत्ता वाटली असेल बघा.

"नागपूरचा का?" कमांडरने मागे न बघता विचारलं.

"नाही. आर्वी."

"मग नीट बघून घे. तीन मिनिटांत निघून जाईल."

आणि ते आलं. 'आलं' हाच शब्द बरोबर आहे. खिडकीच्या सीटवरून गाव बाजूने सरकून जातं, एसटीच्या खिडकीतून जातं तसं. समोरच्या काचेतून ते चालून येतं. आधी ठिपका, मग आकार, मग त्यात रस्ते आणि मग एकदम नाकाखाली गडप. मे महिना, नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. शेतं सगळी नांगरून पडलेली, काळीभोर. मध्येच बोर धरणाचं पाणी, ताटात सांडलेल्या पाऱ्यासारखं. विदर्भातल्या मे महिन्याच्या गरम हवेने विमान गदगदा हलत होतं आणि पुढच्या दोघांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

खरं सांगू? माझ्या डोक्यात घर करून बसलं ते बाहेरचं दृश्य नव्हे, त्या दोघांचं काम. सिनेमातल्यासारखी बटणांची धावपळ नाही. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं. चाकं खाली, तीन हिरवे दिवे. ज्या गोष्टी दोघांनाही पाठ असणार त्याही वाचूनच. नागपूरला दक्षिणेकडून वळसा घातला, डावीकडे कललो आणि धावपट्टी समोर आली, आधी आगकाडीएवढी. ती मोठी होत असताना तिथे कुणी चकार शब्द कामाशिवाय बोललं नाही. आज आमच्या ऑफिसात प्रॉडक्शनवर कोड टाकताना लोक ज्या आत्मविश्वासाने चेकलिस्ट न बघता एंटर मारतात, तेव्हा मला ती यादी आठवते.

संध्याकाळी आर्वीला पोचलो. आजी दारातच.

"काऊन रे, समोर बसाले भेटलं म्हनते. आपलं घर दिसलं काय?"

"घर नाही दिसलं आजी. नदी दिसली, रेल्वे दिसली, धरण दिसलं..."

"मंग काय पाह्यलं तुनं!"

बंद दार

त्यानंतर दार बंद झालं. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं तेव्हापासूनच आपल्याकडे कडक वारं सुटलं होतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर सगळ्या जगाचंच गणित बदललं. कॉकपिटची दारं गोळीला दाद न देणारी झाली, आतून कुलूप, बाहेर कॅमेरा. जम्प सीट अजूनही आहे. पण तिच्यावर बसतात ते तपासणी अधिकारी, परीक्षक पायलट किंवा परवानगी असलेले कर्मचारी. ओळखीपाळखीचं काम नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाच्या दिल्ली–दुबई फ्लाइटमध्ये एका पायलटने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बोलावलं, तेव्हा डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड ठोठावला आणि पायलटचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित केलं.

बरोबरच आहे. माझ्यासारख्यांना कितीही हळहळ वाटली तरी मागे बसलेल्या दीडशे लोकांना आपला पायलट गप्पा मारत नाहीये याची खात्री असणं जास्त महत्त्वाचं. त्या दाराआड कुणाला तरी खास प्रवेश आहे, ही कल्पना पूर्वी कितीही गोड असली तरी ती ओळख असणाऱ्यांचीच चैन होती, हेही कबूल करायला हवं. आर्वीतल्या किती पोरांचे बाबा विमान देखभालवाल्याला ओळखत होते? एकाचे.

मग हौस भागवायची कशी? सिम्युलेटरवर तासाच्या हिशेबाने पैसे भरून बसता येतं. लांबच्या फ्लाइटमध्ये काही मोठ्या विमानांत नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र सीटसमोरच्या स्क्रीनवर लागतं, ते सोडून लोक सिनेमा का बघतात देव जाणे. आणि उडती डाकोटाच बघायची असेल तर हवाई दलाकडे एक आहे. 'परशुराम' नावाची ही डाकोटा २०१८ मध्ये ब्रिटनहून स्वतः उडत भारतात आली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातही तिने हजेरी लावली आहे.

पण मला विचाराल तर एक वीकेंड काढा आणि ती वीस मिनिटं जमिनीवरून करा. उलट्या दिशेने, नागपूरहून पश्चिमेकडे.

तेच अंतर, चाकांवरून

सोनेगावचा विमानतळ सोडला की बुटीबोरीवरून वर्धा रोड. समृद्धी महामार्गानेही जाता येतं, त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालाय आणि तोही जिल्ह्यातून सुसाट जातो. पण समृद्धीवर दिसतं ते फक्त समृद्धी. जुन्या रस्त्याने गेलात तर केळझर लागतं, सेलू लागतं आणि वर्ध्याच्या आठेक किलोमीटर आधी पवनार.

पवनारला थांबाच. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. नदीपात्रातल्या खडकांवर बसून पाय पाण्यात सोडायची जागा यासारखी दुसरी नाही. १९५१ च्या सप्टेंबरची गोष्ट. नेहरूंनी विनोबांना दिल्लीला चर्चेला बोलावलं आणि विमान पाठवायची तयारी दाखवली. विनोबा म्हणाले, येतो, पण माझ्या पद्धतीने. आणि पवनारहून चालत निघाले! नोव्हेंबरमध्ये दिल्लीला पोचले. दोन महिने, बाराशे किलोमीटरहून जास्त पायपीट, वाटेत गावोगावी भूदान मागत. त्या साठ रात्री त्यांच्या डोक्यावरून कुठेतरी दिल्लीची डाकोटा तीनेक तासांत हेच अंतर उडून जात होती. विमान नाकारणाऱ्या माणसाला वाटेतली गावं डाकोटाच्या पायलटपेक्षाही नीट दिसली असणार, यात मला शंका नाही. गांधीजींनी तर आयुष्यात विमानात पाऊलच टाकलं नाही.

सेवाग्रामला बापूकुटीत सगळेच जातात. तिथला टेलिफोनही बघा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवून घेतलेला. मातीच्या झोपड्या आणि मध्ये हा हॉटलाइनचा डबा. विमानात न बसणाऱ्या माणसापर्यंत पोचायला साम्राज्याला तारा ओढाव्या लागल्या.

वर्ध्यात जेवा, तिखट सोसत असेल तरच. सकाळ असेल तर तर्री-पोहे. मग पुलगावकडे. पुलगाव ते आर्वी अशी पस्तीस किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे होती, ब्रिटिश कंपनीने शंभरेक वर्षांपूर्वी कापसासाठी टाकलेली. तीही बंद पडली. डाकोटातून खाली बघणाऱ्याला हिचं इंजिन दिवसा सुतासारखा धूर सोडताना दिसलं असतं. आमच्याकडे तिचा वेग हा टिंगलीचा विषय होता. उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं. तिच्या ड्रायव्हरशेजारी उभं राहायला मिळणं ही आमच्या वडिलांच्या पिढीची जम्प सीट.

आर्वीला पोचलात की रात्री गच्चीवर झोपा. फोनवर विमानं दाखवणारं अ‍ॅप उघडलंत तर वरून जाणारा प्रत्येक दिवा कुठून कुठे चाललाय ते कळतं. नागपूर देशाच्या मध्यावर, त्यामुळे दिव्यांना तोटा नाही. आवाज मात्र जेमतेम येतो. आजीच्या वेळची घरघर आता नाही. हल्ली अंगणात झोपणारंही कुणी नाही म्हणा.

एक बदल मात्र ताजा आहे. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान उतरायला लागलं. एटीआर ७२, पंख्यांचं, जेटपेक्षा कमी उंचीवरून जाणारं. आर्वीकरांना नागपूरपेक्षा अमरावती जवळ. आमच्या भागातली बरीच मंडळी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतील ती यातच.

जाता जाता कामाच्या टिप्स. मुंबईहून नागपूरला येताना खिडकी 'एफ' घ्या, म्हणजे वर्धा आपल्या बाजूला. परत जाताना 'ए'. पंखाच्या पुढची रांग घ्या, नाहीतर सगळा वेळ पंखच बघाल. ऑक्टोबर ते जानेवारीत सकाळची फ्लाइट सगळ्यात बेस्ट. पाऊस नुकताच संपलेला असतो, हवा स्वच्छ, नदी भरलेली, कपाशी फुटायला लागलेली. उतरायला साधारण वीस मिनिटं राहिली की हेडफोन काढा आणि खाली नदी शोधा. नंतर रेल्वे आणि समृद्धीची सरळ रेघ आपोआप सापडते. कधी ढग असतात, कधी एटीसी दुसरीकडूनच वळवतं, तेव्हा नशीब. आणि वर्ध्याहून गोरसपाक आणणार असाल तर चेक-इन बॅगेत टाकू नका. बिस्किटं ठिसूळ असतात, मुंबईला पोचेपर्यंत नुसता भुगा होतो. हातात धरूनच आणा.